वरची चार बोटं माती

मातीबाई गायरानात शिरताना चपला काढायची. खडे तापलेले असोत की कुसळं पसरलेली असोत, ही काठावर थांबणार, तळवे फडक्यानं पुसणार आणि मगच पाऊल टाकणार. गावातल्या बायकांना वाटलं, बाई मोठी भाविक आहे. दोघी-तिघी लांबून हात जोडू लागल्या. बाईनं ते पाहिलं आणि करवादली, "इथं देव नाही. दुसऱ्याच्या रानातली माती माझ्या पायानं इथं यायला नको, म्हणून काढते."

ती गुलबर्ग्याकडची, कॉलेजात शिकवणारी. राग आला की आधी कन्नडमध्ये पुटपुटायची, आणि राग तिला सारखाच यायचा. सुट्टीत गावोगावची माती तपासत फिरायची. आमचं गाव संतपूरच्या पलीकडं, घर गायरानाला लागून, म्हणून ती आमच्याकडं उतरली. माझा नवरा तेव्हा कोळारला गोदामात कामाला होता. घरी मी, सासू, मेंढरं आणि दोन-चार शेळ्या. मला ती तंगी म्हणायची, म्हणजे धाकटी बहीण. मी चौथी शिकलेली, कुणापुढं तोंड न उघडणारी. तिला ते सोयीचं होतं. म्हणायची, "बडबड करणारी पोरगी पिशव्यांची अदलाबदल करते."

काम असं की लोखंडी चौकट जमिनीत ठोकायची आणि उलथन्यानं बोटभर बोटभर थर खरवडायचा. प्रत्येक थर वेगळ्या पिशवीत. मध्ये उलथनं पुसायचं राहिलं तर माझ्या हातावर चापट बसायची. "वरचं खाली गेलं की सगळं खोटं."

कशासाठी हे, ते तिनं मला मेंढराच्या अंगावरची कुसळं काढता काढता सांगितलं. आमच्या जन्माआधी लांबच्या देशांनी बाँब फोडून पाहिले. त्यांची धूळ आभाळात चढली आणि पावसाबरोबर जगभर उतरली. तिच्यात सिझियम नावाचं किरणं सोडणारं द्रव्य होतं. चिकण माती त्याला लोकरीतल्या कुसळासारखी अडकवून ठेवते. पाण्यानं ते सुटत नाही, मुळांनाही फारसं मिळत नाही. माती हलली तरच ते हलतं. निम्म्याहून जास्त विरून गेलेलं आणि उरलेलं इतकं थोडं, की त्यानं कुणाचं काही बिघडत नाही. आमच्या गायरानाला कधी नांगर लागला नव्हता, म्हणून ते वरच्या चार बोटांत जसंच्या तसं बसून होतं. ते कॉलेजातल्या यंत्रावर मोजायचं आणि मग बाकीच्या रानांतलं मोजायचं. जिथं कमी, तिथली माती वाहून गेली.

एकदा संध्याकाळी तिनं चार खुंट्या ठोकून दोरी बांधली. आमच्याकडं खुंट्या आणि दोरी दिसली की तिथं पूजा होणार, पाया खोदणार. सासूनं पहाटेच जाऊन गवत उपटलं, खराट्यानं लख्ख झाडलं, शेणानं सारवलं आणि वर रांगोळी काढली. बाईनं येऊन हातातली चौकट खाली ठेवली.

"आई, पन्नास वर्षांपूर्वी आभाळातून पडलेलं तुम्ही एका खराट्यानं झाडून टाकलं."

"मग परत पडंल की," सासू म्हणाली.

"नको पडायला, आई." त्या दिवशी मात्र ती रागावली नाही. दोरी सोडून दुसरीकडं बांधली.

तिचं मोजून झालं त्याच उन्हाळ्यात जपानात समुद्र चढून अणुभट्टी फुटली. टीव्हीवर पांढऱ्या कपड्यातली माणसं माती मोजताना दिसू लागली. आमच्या सोसायटीच्या चेअरमनची नजर गायरानाखालच्या मुरमावर होती, रस्त्याचं काम त्याच्याकडंच होतं. त्यानं उठवलं की बाई मोजत होती ते हेच विष. हॉटेलवाल्यानं आमच्या शेळ्यांचं दूध बंद केलं. बाजारात मेंढरं नेली की व्यापारी हसायचा, "आली बाँबवाली." मी पदर ओढून उभी राहायची आणि मेंढरं परत घेऊन यायची.

शाळेच्या पटांगणात ग्रामसभा झाली. बाई मुद्दाम आली, सगळं समजावून सांगितलं. शेवटी चेअरमन म्हणाला, "माझ्या रानात किती हाय ते सांगा."

"जवळजवळ नाहीच."

"बघा. म्हंजे इष ह्यांच्या गायरानातच हाय."

"तुमच्या रानातली माती तळ्यात गेली, तिच्यासोबत तेही गेलं," बाई म्हणाली. "इथं आहे, कारण इथली माती अजून जागेवर आहे."

दोघा-तिघांनी माना डोलावल्या. मला वाटलं, जिंकलो. पण चेअरमननं तालुक्याच्या साहेबांना एवढंच सांगितलं, की गायरानात आहे हे बाईनं स्वतः कबूल केलंय. साहेबांनी गायरान न बघताच चराई बंद केली. जपानात वरची माती खरवडून काढतात, आपणही काढू, असं ठरलं. पावसाळा सरताच जेसीबी आला. आधी वरची माती गेली, मग खालचा मुरूम. आमची मेंढरं पडेल त्या भावानं गेली.

सासूनं कुणाच्या तरी मोबाइलवरून बाईला कळवलं. ती एसटीनं आली. खड्ड्याकडं तिनं पाहिलंसुद्धा नाही, ट्रॅक्टरच्या चाकोरीमागं चालत गेली, मी तिच्यामागं. चाकोरी चेअरमनच्या रानात शिरली. तिथं आमच्या गायरानाची माती ढीग घालून पसरत होते. ज्याला विष म्हणाला, ते त्यानं पुढच्या तुरीसाठी स्वतःच्याच रानात घातलं होतं. सभेत बाईचं बोलणं नीट समजलेला माणूस तो एकटाच होता.

मी आयुष्यात पहिल्यांदा तिच्यावर चिडले. "कामून सांगितलं, बाई? न्हाई म्हणलं असतं तर?"

"त्यानं विचारलं, मी खरं ते सांगितलं," ती म्हणाली. ढिगातलं एक ढेकूळ उचलून म्हणाली, "तंगी, माझं यंत्र माती कुठं आहे तेवढं सांगतं. कुणाची आहे, ते सांगत नाही."

ती पुन्हा आली नाही. आम्हीही पुढं कोळारला खोली घेतली. चेअरमनच्या रानात तूर चांगली येते म्हणतात. येणारच. ती माती आमची आहे.