मुठीतली नळी

आमच्या दवाखान्यातली मुलं रक्त काढणाऱ्या ताईला मुंगी म्हणायची. सुई टोचायच्या आधी ती प्रत्येकाला सांगायची, "मुंगी चावेल हं, तिच्यावर रागावू नकोस." हे एकतीस वर्षं, दिवसातून वीस-पंचवीस वेळा. सगळी मधुमेहाची मुलं. घरी रोज चारदा बोट टोचून साखर बघणारी, इन्सुलिन घेणारी. त्यांना सुईचं काय कौतुक? तरी मुंगीच्या खुर्चीपुढे रांग, आणि शेजारच्या खुर्चीमागे एक माणूस माश्या मारत उभा. तो माणूस म्हणजे मी.

खोटं कशाला बोलू, मला तिचा हेवा वाटायचा. मी पदवीवाला, ती हाताखाली शिकत शिकत वर आलेली. त्यातून तिची एक खोड मला अजिबात सोसायची नाही. मूत्रपिंडातून एक हार्मोन रक्तात येतं, रेनिन म्हणतात त्याला, त्यावर रक्तदाब वरखाली होतो. त्याची तपासणी असली की ही बाई रक्ताची नळी मुठीत धरून दोन जिने चढायची आणि प्रयोगशाळेत उभी राहून ती लगेच यंत्राला लावून घ्यायची. मी बर्फाची पेटी पुढे केली की म्हणायची, "याला थंडी चालत नाही रे."

"ताई, रक्त आहे ते, मांजरीचं पिल्लू नाही," मी म्हणायचो. सगळे हसायचे. तीही हसायची, पण मूठ काही सोडायची नाही.

एकदा दाढ दुखते म्हणून ती रजेवर होती. त्या दिवशी अकरा वर्षांची एक मुलगी आली. मधुमेह पाच वर्षांचा, आणि गेल्या दोन भेटींत रक्तदाब जरा चढलेला. म्हणून आमच्या डॉक्टर मॅडमनी रेनिन बघायला सांगितलं होतं. माझी पहिली सुई चुकली. दुसऱ्यांदा टोचलं तेव्हा पोरीच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. मलाच अपराधी वाटलं आणि मी जास्तीची काळजी घेतली. नळी बर्फात खोल रोवली, झाकण घट्ट लावलं आणि दुसऱ्या दिवशी सकाळी यंत्र लागेपर्यंत तशीच ठेवली. वर स्वतःवर खूश होतो.

रिपोर्ट आला तो तिपटीने जास्त. मॅडम आईला म्हणाल्या, मूत्रपिंडाकडे जाणारी रक्तवाहिनी अरुंद झाली असेल. मांडीतून बारीक नळी घालून, आत औषध सोडून बघावं लागेल, सोमवारी दाखल करा. आई रडली नाही. बाहेर बोळात मीच समोर आलो म्हणून तिने मला विचारलं, "माझ्याकडून साखर नीट सांभाळली गेली नाही, म्हणून झालं का हो हे?"

तेवढ्यात मुंगी कामावर आली, गाल टम्म सुजलेला. बाकावरची आई तिने बघितली, रिपोर्ट वाचला आणि मला एकच प्रश्न विचारला. "नळी कशी ठेवलीस?"

"बर्फात. रात्रभर," मी छाती काढून सांगितलं.

तिने कपाळाला हात लावला. ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मला खाली बसवलं आणि लहान पोराला सांगावं तसं सांगितलं. मूत्रपिंड या हार्मोनचा कच्चा मालही रक्तात सोडतं, तयार मालाच्या कितीतरी पट. तो बंद असतो, काही करत नाही. पण थंडीत ठेवला की आपोआप उघडतो, आणि यंत्र त्यालाही तयार समजतं. बाकीची कितीतरी हार्मोन्स बर्फात टिकतात, याचं सगळंच उलटं.

"तुला कसं माहीत?" मी विचारलं.

"मीही ठेवली होती, नवीन होते तेव्हा. एका मुलाला उगाच त्या तपासणीच्या टेबलावर झोपावं लागलं. तेव्हापासून मूठ."

मग माझा दंड धरून तिने मला मॅडमसमोर उभं केलं. "सांग," म्हणाली. मी सांगितलं. कान तापले होते. मॅडमनी चष्मा काढला आणि म्हणाल्या, "परत घ्या रक्त."

मुलगी खुर्चीत बसेना. "काल म्हणालात, झालं आता."

"काल आमचा माणूस चुकला," मुंगी म्हणाली. "आज मुंगी चावेल." रक्त घेऊन तिने नळी कापसात गुंडाळली आणि पोरीच्याच हातात दिली. "तुझं रक्त, तूच ने. धर, पण आवळू नकोस." पोरगी एकेक पायरी जपून चढली. मागे आई, तिच्यामागे मी, रिकाम्या हातांनी.

रेनिन अगदी जागच्या जागी निघालं. सोमवार रद्द झाला.

पण मॅडम तेवढ्यावर थांबल्या नाहीत. नुसता बर्फ एवढा घोळ घालणार नाही म्हणून त्यांनी कच्चा माल वेगळा मोजून घेतला. तो खरंच जास्त होता. मधुमेहाच्या मुलांत कधीकधी तो असा वाढतो, त्या म्हणाल्या, मूत्रपिंडाला काही व्हायच्या कितीतरी वर्षं आधी. आज काही बिघडलेलं नाही. साखर आणि रक्तदाब धरून ठेवा, दरवर्षी बघत राहू.

माझ्या अंगावर काटा आला. मुठीएवढा अवयव, कुणी कधी न बघितलेला, काही दुखत-खुपत नसताना वर्षानुवर्षं आधी रक्तातून कळवतो, सांभाळा म्हणून. आणि मी असली रक्तं इतकी वर्षं नुसती पेट्यांत भरत होतो. इतकं थक्क मी आयुष्यात कधी झालो नव्हतो.

"म्हणजे माझ्यामुळेच ना?" आईने पुन्हा विचारलं.

"अगं, तुझी साखरेची वही बघितलीय मी," मुंगी म्हणाली. "तीन महिन्यांची सरासरी कुठून कुठे आणलीस तू. वेळेवर कळलंय आपल्याला. तशीच चालव."

याला आठ वर्षं झाली. मुंगी निवृत्त झाली. आता मूठ माझी, आणि कामावरची नवी पोरं मला हसतात. ती मुलगी एकोणीस वर्षांची आहे, दरवर्षी येते, मूत्रपिंडं ठणठणीत. गेल्या आठवड्यात तिचं रक्त घेऊन मी नळी मुठीत धरली आणि जिन्याकडे वळलो, तर तिने हात पुढे केला.

"द्या इकडे," म्हणाली. "तुमचे हात फार गार असतात."

मी दिली. ती जिना चढू लागली, मी मागून चाललो.