विशाखाआत्यांचा झिंगा

सकाळची वंदना झाली, पंचशील म्हणून झालं, की विशाखाआत्या चष्मा नाकावर ओढत, भावाच्या दिवाणखान्यातल्या काचेच्या टाकीसमोर बसत आणि भुवया कोरायच्या चिमट्याने तारामासे वेचत. चिमटा भावजयीचा होता. प्राण्याची हिंसा करणार नाही असं नुकतंच म्हणून उठलेली बाई हे काय करते, असं मी चिडवलं की म्हणत, "मारू नाही लाले मी. काढू लाले." काढलेले तारामासे एका मगात पडत. त्या मगाचं पुढे काय होई, हे मी कधी विचारलं नाही.

हैदराबादच्या काचीगुड्याला आम्ही त्यांच्या खालच्या मजल्यावर राहायचो. आत्या मूळच्या नांदेडच्या, तिथं बालवाडीत शिकवायच्या. लग्न केलं नव्हतं. आई हैदराबादला भावाकडे अंथरुणाला खिळली, तेव्हा मिलिंदरावांनी बहिणीला बोलावून घेतलं आणि त्या नोकरी सोडून आल्या. आई गेली तेव्हा भाचा तेजस रांगत होता, म्हणून राहिल्या. तो इंजिनिअर होईपर्यंत राहिल्याच.

स्वभावाने गोड मुळीच नव्हत्या. माझ्या उपम्याला नावं ठेवत. जिन्यात कुणी चप्पल काढली तर ती उचलून त्याच्या दारात आदळत. कुणी रडगाणं लावलं की "काम सांगा, गोष्टी नक्को," म्हणून तोडून टाकत आणि मग ते काम मुकाट्याने करून देत.

टाकी तेजसची. नोकरी लागल्यावर त्याने हौसेने खारं पाणी, प्रवाळ, रंगीत मासे असा थाट मांडला. तो सकाळी हायटेक सिटीला गेला की तो सगळा थाट आत्यांच्या गळ्यात. तारामासे आले ते प्रवाळाच्या दगडाला चिकटून, भाताच्या शिताएवढे. बघता बघता काच पांढऱ्या ठिपक्यांनी भरली आणि प्रवाळ कुरतडला जाऊ लागला. चिमट्यात अर्धा तुटला तर उरलेला अर्धा पुन्हा पूर्ण होई. आत्या हरल्या.

मग आबिड्सच्या एका दुकानातून तेजसने झिंगा आणला. पांढऱ्या अंगावर जांभळे ठिपके, पुढे पंख्यासारखे चपटे पंजे. हा तारामाशांशिवाय दुसरं काही खातच नाही, असं दुकानदाराने सांगितलं होतं. आत्या खुर्ची टाकून त्याचं जेवण बघत. "बघ गं, उलथा करून पायापासून खाऊ लालाय. नवाबाची औलाद." इतकं कौतुक त्यांनी कधी माणसाचं केलेलं मी ऐकलं नाही.

दोनेक महिन्यांत काच लख्ख झाली. आत्यांनी विचारलं, "आता हे काय खाईल?"

"टेन्शन नको घेऊस आत्या," तेजस म्हणाला. "त्याचं काम झालं. मरेल आपोआप. सगळे असंच करतात."

दुसऱ्या दिवशी स्वयंपाकघराच्या गॅलरीत एक प्लॅस्टिकचा टब दिसला. त्यात खारं पाणी, बुडबुडे सोडणारा छोटा पंप, शेवाळलेला दगड, आणि टाकीच्या मागच्या कप्प्यात लपून राहिलेले चार-दोन तारामासे. ज्यांना वेचता वेचता मान मोडून आली, तेच आता त्या पाळत होत्या. वाढले की त्यातला एखादा झिंग्याला देत.

भावजय वैतागली. "अहो ताई, मुश्किलीने गेले ते. अन् तुम्ही पुन्हा पाळताय?"

"काम होतं तवा आणलं ना त्याला? मग काम सरलं म्हणून उपाशी ठिवावं का?"

भावजय आत निघून गेली. मी तिथेच होते. त्याच महिन्यात मिलिंदरावांनी गच्चीबावलीला फ्लॅट घेतला होता आणि कुणाला कुठली खोली याची चर्चा घरात चालली होती. हे बोलणं झिंग्यापुरतं नव्हतं, हे आम्हा तिघींनाही कळलं.

नव्या घरात टाकीसाठी सुताराकडून खास कोनाडा करून घेतला. एक खोली नवराबायकोची, एक तेजसची, एक पाहुण्यांची. आत्यांची कुठली, असं मी सरळ विचारलं. मिलिंदराव हसून म्हणाले, "ताईला नांदेडच मानवतं. आपली माणसं आहेत तिथं." मग तुम्ही कोण, असं मी विचारल्यापासून त्या नवराबायकोने माझ्याशी बोलणं टाकलं. मला त्याचं काडीचं वाईट वाटलं नाही. राग मात्र आला, आणि तो अजून आहे.

काचीगुडा स्टेशनवर पोचवायला मी गेले, तेजसला मीटिंग होती. आत्या रडल्या नाहीत. खिडकीशी बसून म्हणाल्या, "टबातलं एक-एक घालत जा म्हणून वहिनीला दाखवून आले. घालतील का गं?"

"घालतील," मी म्हटलं.

"हौ," म्हणाल्या आणि फलाटाकडे बघत राहिल्या.

काही महिन्यांनी तेजसचा फोन आला. "काकू, ते तारामासे परत आलेत. आत्याला पंधरा-वीस दिवस यायला सांगाल? माझा फोन ती उचलत नाही."

"आणि झिंगा?"

"तो केव्हाच गेला. शिफ्टिंगमध्ये आईने टब टाकून दिला ना."

मी नांदेडला फोन लावला. आत्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"झिंगा हाय का?"

"नाही."

"कशानं गेला?"

खोटं बोलायचं तोंडाशी आलं होतं, पण या बाईशी ते जमत नसे. म्हटलं, "उपाशी."

मग त्या म्हणाल्या, "नक्को मग. येत नाही म्हणून सांग त्याला."

मी तेजसला कळवलं, त्यांच्या शब्दांत, कशामुळे तेही.

"असं?" तो म्हणाला. "मग नवा झिंगाच आणावा लागेल."