हिरूकाकांची सागाची कांडी

पहिल्याच भेटीत हिरूकाकांनी माझ्या मोटारसायकलचा मागचा मडगार्ड करवतीने कापून काढला. मी गेलो होतो क्लच दुरुस्त करून घ्यायला. बोलता बोलता एवढंच म्हणालो होतो, की जुहूला विमानांच्या धावपट्टीवर मोटारसायकलींच्या शर्यती होतात, त्यात ही पळवायला मिळाली तर काय बहार येईल! ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघत होते. मग उठले, घरात गेले, लोखंड कापायची करवत घेऊन आले आणि माझ्याकडे पाठ करून कामाला लागले. "अहो, अहो, काय करताय?" मी किंचाळलो. पाठ ढिम्म हलली नाही. मडगार्ड अंगणात पडला तेव्हा कुठे त्यांनी वळून बघितलं. म्हणाले, "शर्यतीत चिखल कोनावर उडवायचा हाय तुला?"

मला अक्षरशः घेरी आली. त्या मडगार्डला मी दर रविवारी पॉलिश करायचो. तेव्हा तारापूरच्या अणुवीज केंद्राचं बांधकाम चालू होतं आणि मी तिथे ड्राफ्ट्समन होतो. कऱ्हाडहून आलेला, बोईसरला एका खोलीत चौघांत राहणारा. साइटवरचा एक परदेशी साहेब मायदेशी परतताना ती गाडी मला अगदी बाराच्या भावात देऊन गेला होता. विलायती, पाचशे सीसीची, एकच दांडगा सिलिंडर. तरुणपणी ती शर्यतीचीच गाडी असावी, पण आता तिला पंधरा वर्षं झाली होती आणि साहेबाने तिच्यावर दिवे, कॅरियर, डबल सीट असा संसार चढवला होता. घिवलीला एक कोळी मेकॅनिक आहे, होड्यांची इंजिनं बघतो, पण कुठलंही मशीन त्याला कळतं, असं कुणीतरी सांगितलं म्हणून मी गेलो, आणि हे झालं.

हिरूकाका म्हणजे बुटका, काळा, रुंद खांद्यांचा माणूस. वीस वर्षं त्यांनी आगबोटीच्या इंजिनघरात तेलवाला म्हणून काढली होती. गावी परतले तेव्हा किनाऱ्यावरच्या होड्यांना डिझेल इंजिनं बसू लागली होती आणि ती उघडायची छाती दुसऱ्या कुणाची नव्हती. त्यांच्या खिशात सागाची एक वीतभर कांडी असे. तिचं एक टोक इंजिनावर टेकवायचं, दुसरं दातांत धरायचं आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्यांची तपासणी. मग कांडी काढून सांगत, "तिसऱ्या बेरिंगात खोट हाय." इंजिन उघडलं की खोट नेमकी तिथेच. हिरूला मशीनच्या पोटातलं ऐकू येतं, असं सातपाटीपर्यंत बोललं जाई. पावसाळ्यात होड्या वर ओढल्या की आठ-दहा इंजिनं त्यांच्या अंगणात ताडपत्रीखाली येऊन पडत. भर समुद्रात मशीन बंद पडलं तर माणूस परत येईलच असं नाही. त्यामुळे लोक पैशापेक्षा त्या कानाकडे बघून येत. काकांचं घर त्या कानावर चाललं होतं.

स्वभाव मात्र मला गर्विष्ठ वाटायचा. लहानथोर सगळ्यांना 'तू'. मागून हाक मारली तर ओ देणार नाहीत. हात लावून वळवलं तर म्हणत, "बोलायचं ते समोर येऊन बोल. उजेडात उभा रा." काय हा तोरा, असं मनात म्हणून मी निमूट समोर जाऊन उभा राहायचो.

त्या हिवाळ्यात माझा प्रत्येक रविवार एक नवा धक्का घेऊन उजाडला. पुढचा मडगार्ड गेला, दिवे गेले, स्टँड गेला. "होडीत जास्तीचा धोंडा कोन ठेवतो?" एका रविवारी बघतो तर ब्रेकच्या झाकणाला ओळीने भोकं पाडलेली. वजन कमी होतं आणि वारा लागून ब्रेक थंड राहतो, असं त्यांचं म्हणणं. माझा चेहरा बघून म्हणाले, "जाल्याला भोकं असतात, म्हनून मासळी सुटते काय?" मला टाकीवर पालथं झोपवून त्यांनी मापं घेतली, हँडल खाली आणलं, पाय ठेवायचे दांडे मागे नेले. सिलिंडरचं डोकं पालघरला लेथवर नेऊन त्याचा केसभर थर उतरवला. आत दाब वाढला की गाडी जोरात ढकलते म्हणे. सायलेन्सर काढून ठेवला आणि तिथे स्वतः वळवलेला पत्र्याचा कर्णा लावला. त्याच्या आवाजाने शेजारची कोंबडी दोन दिवस अंड्यावर बसली नाही.

कहर झाला तो तेलाचा. इंजिनातलं सगळं तेल काढून त्यांनी आत चक्क एरंडेल ओतलं! लहानपणी आई माझं नाक दाबून जे पाजायची, तेच. "काका, हिला काय जुलाब द्यायचेत?" त्यांनी माझे ओठ बघितले आणि पहिल्यांदाच खो खो हसले. "तापलेलं मशीन येच तेल सांबालतं. आता यात दुसऱ्या तेलाचा थेंब टाकू नको. दही होईल." धावली की गाडीच्या मागे वैद्याच्या दुकानासारखा वास सुटायचा.

घिवलीचा किनारा खडकाळ, म्हणून गाडी पळवून बघायला आम्ही एडवणला गेलो. काकी, म्हणजे जमनाकाकी, तिथल्या माहेरवाशीण; त्याही आमच्याबरोबर आल्या होत्या. ओहोटीला तिथली वाळू ओटीवरच्या जमिनीइतकी घट्ट होते. मी दोन फेऱ्या मारल्या, आणि खोटं कशाला सांगू, भीतीने आणि आनंदाने ओरडत मारल्या. मग इंजिन बंद केलं. काका समुद्राकडे तोंड करून प्लग काढायला बसले. तेवढ्यात मागे गलका झाला. रेती भरायला आलेल्या गाडीचे बैल आमच्या कर्ण्याच्या आवाजाने आधीच बिथरले होते, ते आता उधळले होते आणि रिकामी गाडी घेऊन थेट काकांच्या अंगावर येत होते. गाडीवान ओरडत होता, मी ओरडत होतो, किनाऱ्यावरच्या बायका ओरडत होत्या. काका शांतपणे प्लग पुसत होते.

काकी धावल्या. त्यांनी काकांच्या सदऱ्याला धरून त्यांना असं ओढलं, की दोघंही वाळूत पडली. चाक हत्यारांच्या पेटीवरून गेलं. काका उठून बसले आणि चेपलेल्या पेटीकडे बघू लागले. काय झालं ते त्यांना कळलंच नव्हतं. तीस पावलांवरून मी छाती फुटेस्तोवर ओरडलो होतो, आणि त्या माणसाने मान फिरवली नव्हती.

"ठार बयरे हायेत," काकी मला बाजूला घेऊन म्हणाल्या. "आगबोटीनं कान खाल्ले. तोंड बगून बोलनं वलखतात." ज्या माणसाच्या कानावर अख्खा किनारा समुद्रात जात होता, त्याला कान नव्हतेच. काकींनी माझा हात घट्ट धरला. "भाऊ, कोनाला बोलू नको. कललं तर एक मशीन आमच्या अंगनात येनार नाय." मी शपथ घेतली. त्या क्षणी ती अगदी खरी होती.

पुढच्या रविवारी काकांनी कांडी माझ्यापुढे धरली. "घे. चाव." गाडी चालू होती. मी टोक दातांत धरलं, दुसरं सिलिंडरला टेकवलं आणि दचकून मागे सरलो. गाडी माझ्या कवटीत सुरू झाली होती! व्हॉल्व्हची उघडझाप, पिस्टनची ये-जा, सगळं वेगवेगळं, स्वच्छ. कानांनी इतक्या वर्षांत मी नुसता गोंगाट ऐकला होता. काका माझ्याकडे बघून मिश्कील हसत होते. त्या कांडीवर त्यांच्या दातांचे खोल वण होते.

शर्यतीच्या दिवशी साइटच्या ट्रकमधून गाडी जुहूला नेली. धावपट्टीवर पिंपं आणि पेंढ्या लावून वळणं आखली होती. मला काळजी, एवढ्या गदारोळात काकांचं कसं होणार. ते म्हणाले, "दर्यात कोन कोनाला आयकतं? बावटा बगायचा." होडीवरचा लाल बावटा त्यांनी आणलाच होता. शेवटच्या वळणावर उभे राहून, माझा धूर बघून ते खुणा करत राहिले. बावटा वर म्हणजे मूठ पिळ, खाली म्हणजे सोड. कोऱ्या करकरीत गाड्यांमध्ये आमची पंधरा वर्षांची म्हातारी दुसरी आली. मी उडी मारून उतरलो तर काका माझ्याकडे न बघता गाडीकडे गेले, तापल्या इंजिनाला कांडी लावली, डोळे मिटले. "दमली नाय," म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं.

आता जे सांगायचं ते सांगताना आजही मला स्वतःची किळस येते.

दुसऱ्या दिवशी बोईसर स्टेशनासमोरच्या हॉटेलात आमची टोळी जमली होती. मी शर्यतीचं रसभरित वर्णन करत होतो आणि काकांची स्तुती करून थकत नव्हतो. आमच्यातला साठे ओव्हरसीअर म्हणाला, "गाडी विलायती म्हणून आली रे. त्या खलाशाला काय कळतंय?" माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटून ओरडलो, "काय कळतंय? अरे, तो माणूस ठार बहिरा आहे! एक अक्षर ऐकू येत नाही, तरी दातांनी इंजिन वाचतो! तुझ्यासारखे छप्पन्न ओव्हरसीअर..."

कोपऱ्यात वामनशेठ बसले होते. दोन होड्यांचे मालक. दोन्ही इंजिनं हिरूकाकांच्या हातची. त्यांनी ओठांशी नेलेली बशी खाली ठेवली. "बयरा? हिरू?" मी कसाबसा म्हणालो, "शेठ, तसं नाही, काम तर..." ते उठले. "माजी दोन पोरं त्या मशीनवर दर्यात जातात," एवढंच बोलून बाहेर पडले. बशीतला चहा तसाच राहिला.

त्यानंतर मी घिवलीला गेलो नाही. कधी कामाचं निमित्त, कधी उन्हाचं. लोक विसरतील, असं स्वतःला समजावत राहिलो. शर्यत संपल्यावर काकांनी जुहूलाच गाडीला दिवे, स्टँड नि सायलेन्सर परत लावून दिले होते, मडगार्ड तेवढा गेला तो गेलाच. आषाढात अखेर धीर करून निघालो, तर मानेपर्यंत चिखलाने भरलो. अंगणात शिरताना गाडी बंद केली नाही. एकदा बंद केली की ती लवकर सुरू होत नसे, आणि पळ काढावा लागलाच तर, हेही मनात होतं.

अंगणात एकही इंजिन नव्हतं. ताडपत्री घडी करून ओटीवर ठेवलेली. इंजिनं ठेवायच्या ओंडक्यांभोवती गवत उगवलं होतं. काकी ओटीवर सुके बोंबील निवडत होत्या. मी मान खाली घालून उभा राहिलो. त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. हळूच म्हणाल्या, "सगल्या वस्तीत एकाच मानसाला सांगितलं होतं मी."

काका बाहेर आले. त्यांनीच शिकवलं होतं तसा मी समोर, उजेडात उभा राहिलो आणि सावकाश बोलू लागलो. "काका, मी शपथ मोडली. तुमचं कौतुक करायला गेलो, आणि..." तोवर ते माझ्या ओठांकडे बघत होते. मग त्यांनी डोळे मिटले.

मी बोलतच राहिलो. आवाज चढवला, रडलो. मिटलेल्या पापण्यांपुढे ते सगळं फुकट होतं. एवढ्या साध्या रीतीने कुणी मला घराबाहेर काढेल, असं कधी वाटलं नव्हतं. थोड्या वेळाने त्यांचा हात चाचपडत पुढे आला, धडधडत्या गाडीची टाकी त्याला सापडली, आणि तळवा तिच्यावर टेकला. कपाळावरच्या आठ्या सैल झाल्या.

"एग्झॉस्टचा व्हाल्व सैल हाय," ते म्हणाले.

मी वेड्यासारखा पुढे झालो. त्यांचा दुसरा हात धरून तो खिशातल्या कांडीकडे नेला. त्यांनी तो सोडवून घेतला. डोळे मिटलेलेच होते.

"करून घे कोनाकडनं तरी," म्हणाले, आणि भिंतीला धरून आत गेले.

पुढे ती दोघं एडवणला गेली आणि काका मेहुण्याच्या होडीवर जाळी ओढायला जाऊ लागले, असं कळलं. मला पुन्हा त्यांच्यासमोर जायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी घिवलीहून परतताना बोईसरपर्यंत व्हॉल्व्हची टकटक माझ्या मांड्यांखाली वाजत होती. दोन्ही कान शाबूत असून येताना मला ती ऐकू आली नव्हती.