पट्ट्यावरची मावशी

कोरोनाच्या दिवसांत पेणच्या दवाखान्यात माझी हृदयाची तपासणी होती. मास्क लावून सरकत्या पट्ट्यावर चालायचं म्हटल्यावर मी घाबरून घरी निघालेच होते. तेवढ्यात निडी गावची एक साठीची शेतकरीण पट्ट्यावर चढली. छातीला वायरी, तोंडाला मास्क, पदर खोचलेला, आणि चाल अशी की रोह्याच्या बाजाराला निघालीय! वेग वाढला, घाम फुटला, पण आलेख पाहून डॉक्टर खूश झाले.

"मावशी, गुदमरलं नाही?" मी विचारलं.

"भात झोडताना तोंडाला फडका बांधतेच गो मी. काळजाला काय ठावं तोंडावर काय हाय ते! चढ तू."

मी चढले. दम लागला, पण छातीत दुखलं नाही. ती दारातून "चाल गो, चाल" म्हणत राहिली. डॉक्टर "उत्तम" म्हणाले, तेव्हा टाळी तिनेच वाजवली. तिचा चेहरा मी पाहिलाच नाही. हसणारे डोळे तेवढे पाहिले.