खोक्यातली सासू

चिमण्यांसाठी खोकं करायला मीच आमच्या म्हाताऱ्याला सांगितलं. रावेरकडच्या आमच्या गावात आता सगळीच घरं स्लॅबची झाली, चिमणीला घरटं करायला फट म्हणून राहिली नाही. आणि माझ्या परसातल्या वांग्यांवर अळ्या पडतात. चिमण्या अळ्या खातात. एवढंच कारण. पाखरांवर माझा जीव वगैरे नाही.

म्हाताऱ्याने जुन्या दाराच्या फळ्यांचं खोकं ठोकलं. चांगलं ठोकलं, पण दाराच्या भोकासाठी माप घेतलं चहाच्या पेल्याचं.

मी म्हटलं, "एवढं मोठं? चिमणी राहणार आहे की बकरी?"

"येता-जाता तिचं डोकं आपटायला नको," तो म्हणाला. आमच्या दाराला माझं डोकं जन्मभर आपटलं, तेव्हा त्याला हे सुचलं नव्हतं.

खोकं छज्ज्याखाली टांगलं आणि चिमणा-चिमणी काड्या आणू लागली. मग साळुंक्या आल्या. पेल्याएवढ्या भोकातून साळुंकी आरामात आत जाते. तिने चिमणीच्या काड्या बाहेर फेकल्या आणि प्लास्टिकच्या पिशवीचे तुकडे आत नेले. मी थाळी वाजवून हाकलायची, ती गच्चीवर जाऊन मलाच शिव्या द्यायची आणि माझी पाठ वळली की परत. चिमणी चोचीत गवत धरून दोरीवर बसून राही. या उन्हाळ्यात तिला जागा मिळाली नाही, तर ती दुसरीकडे जाणार आणि परत येणार नाही, हे मला दिसत होतं.

तेवढ्यात आखाजी आली, म्हणजे आमच्याकडची अक्षय्य तृतीया. पितरांच्या नावाने घागर भरली, पुरणपोळीचा घास गच्चीच्या कठड्यावर ठेवला आणि कावळ्याची वाट पाहत उभे राहिलो. कावळा आलाच नाही. साळुंकी आली. तिने घास उचलला आणि थेट खोक्यावर जाऊन बसली.

धाकटी जाऊ शेजारीच राहते, सणाला आमच्याकडेच होती. तिने लगेच हात जोडले. ती धुळ्याकडची. सासू गेली तेव्हाही गावभर ऐकू जाईल असं तीच रडली होती. मी नव्हते रडले.

"अक्का, तिले हाकलू नका व! ती आपली सासू शे!"

"सासू मेली तिला किती वर्षं झाली," मी म्हटलं.

"पाहा ना, कशी मान वाकडी करीसन पाहस!"

खरं सांगायचं तर सासू तशीच पाहायची. दुसऱ्याची मांडलेली चूल ताब्यात घ्यायची खोडही तीच. मी म्हाताऱ्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "आई असेल तर बसू दे."

झालं. त्या दिवसापासून थाळी वाजवली की भिंतीपलीकडून जाऊ ओरडायची, "सासूले मारी ऱ्हायनात!"

मी वाद घातला नाही. दुपारी म्हातारा इथे आणि जाऊ तिच्या घरी झोपली, तेव्हा स्टुलावर चढले. खोक्यात अंडी नव्हती, नुसता कचरा होता. तो काढला. लहान भोकाची एक फळी मी सुताराकडून आणून ठेवली होती, ती मोठ्या भोकावर ठोकली. चिमणी जाईल आणि साळुंकी जाणार नाही, हे कसं कळावं? टोपलीतलं एक लहानसं लिंबू घेतलं आणि भोकात घालून पाहिलं. ते अर्धं गेलं आणि अडकलं. ना आत, ना बाहेर.

ते उपटत होते तेवढ्यात जाऊ भांडं मागायला आली. सासूच्या दाराच्या तोंडात लिंबू, आणि मी हातात हातोडी घेऊन वर. ती किंचाळली.

"उतारा! अक्कांनी सासूवर उतारा कया!"

म्हातारा लुंगी सावरत धावत आला. "अगं, आईवर लिंबू फिरवलंस?"

"फिरवलं नाही, माप घेतलं."

"आईचं?"

मला हसू आवरेना, पण राग जास्त होता. मी स्टुलावरूनच जावेला म्हटलं, "सासू जिवंत होती तेव्हा ती पाळीपाळीने राहायची. एक महिना तुझ्याकडे, एक माझ्याकडे. आठवतं का? आखाजीपासून ती माझ्याकडे आहे. माझी पाळी झाली. आता तू घेऊन जा."

पाळीचं नाव काढलं तशी जाऊ दोन पावलं मागे सरकली. सासू असतानाही ती पाळीच्या आदल्या दिवशी माहेरी पळायची. पण सासू खोक्यात आहे असं तीच म्हणाली होती, आता नाही कसं म्हणणार? म्हाताऱ्याने तेलाचा डबा कापला आणि तिच्या भिंतीला तारेने बांधून दिला. साळुंक्या माझ्या खोक्यावर डोकं आपटून कंटाळल्या आणि तिकडे गेल्या.

चिमणी परत आली. लहान भोकातून अंग चोरून आत जायची. मी तिकडे पाहत नव्हते, कामं होती. पण भाजी निवडायला मी आता परसातच बसत होते.

तीनेक आठवड्यांनी जाऊ तणतणत आली. वाळत घातलेल्या कुरडयांवर साळुंक्यांनी घाण केली होती आणि पहाटेपासून कलकलाट चालला होता. "तुमची सासू तुम्हीच परत घी जा!" ती म्हणाली. 'आपली' सासू आता 'तुमची' झाली होती.

तेवढ्यात चिमणा आत शिरला आणि खोक्यात एकदम चिवचिवाट उठला. जाऊ थांबली. स्टूल ओढून वर चढली आणि भोकाला डोळा लावला. आतून चिमण्याने सरळ तिच्या नाकावर चोच मारली. ती स्टुलावरून कशीबशी उतरली, पदराने नाक धरून म्हणाली, "अक्का, पिलं शेतस!"

"हो," मी म्हटलं. "आणि बाप घरात आहे. दारातून हो बाजूला."