तबला वाजतोय तोवर

माझ्या माहेरी, नागपूरला, गाण्याच्या बैठका होत, हे मी जबलपूरला लग्न होऊन आल्यापासून भेटेल त्याला ऐकवत असे. खरं म्हणजे वडिलांच्या खोलीत वर्षातून एक-दोनदा आठ-दहा वकील सतरंजीवर बसत आणि कोणीतरी गात असे. पण माझ्या तोंडून ऐकणाऱ्याला वाटावं, आमच्याकडे दरबार भरायचा. तेव्हा मी पंचविशीत होते. अंगावर मांस नव्हतं, सगळा जोर जिभेत.

अशा बाईला गवई सापडला, आणि तोही लढाईच्या दिवसांत.

बांगलादेशची लढाई चालू होती. आमचं क्वार्टर शहराबाहेर, फॅक्टरीच्या वसाहतीत. फॅक्टरीत तोफगोळे भरायचे, आणि हे, म्हणजे माझे यजमान, त्या भरणीच्याच विभागात सुपरवायझर. रविवारची सुट्टी बंद झाली होती. खिडक्यांच्या काचांना खाकी कागद चिकटवलेला, संध्याकाळनंतर दिवा लावायचा नाही. माझ्या भावाच्या ओळखीचे एक बुवा नागपूरहून अलाहाबादला गायला निघाले होते. गाड्या फौजेला लागत होत्या, त्यामुळे त्यांना जबलपूरलाच उतरवलं. आमचा पत्ता त्यांच्या खिशात होता. घमापुर, कांचघर करत रिक्षा वसाहतीच्या फाटकावर आली, तेव्हा पहारेकऱ्यांनी तंबोऱ्यावरची रजई सोडायला लावली, भोपळ्यावर टिचक्या मारून पाहिल्या आणि यांना फॅक्टरीतून बोलावून घेतलं. यांनी पाहुण्यासाठी दोन दिवसांची परवानगी काढली. लढाई, पहारा, परवानगी यातलं मला काही दिसलं नाही. घरात गवई आहे आणि उद्या रविवार आहे, एवढंच दिसलं.

रात्री दिवे नाहीत म्हणून गाणं सकाळी ठेवलं. गणेशोत्सवाची मोठी दरी, म्हणजे सतरंजी, मागून आणली. हे ड्यूटीवर निघता निघता म्हणाले, "काहून एवढी धावपळ करून राहिली? त्यांना आराम तरी करू दे." मी त्यांच्या एका हातात डबा दिला आणि दुसऱ्या हाताने पलंगाची बाजू धरायला लावून तो अंगणात काढून घेतला. मग ते सायकलवर बसून गेले. मी मागे वळूनही पाहिलं नाही. मला पानं लावायची होती.

आता आमच्या इथल्या आवाजांचं आधी सांगायला हवं. फॅक्टरीपलीकडच्या माळावर नव्या तोफगोळ्यांची चाचणी व्हायची. त्या जागेला आम्ही रेंज म्हणत असू. दिवसभर धम्म, धम्म चालायचं. तो आवाज जमिनीतून यायचा. आधी पायाच्या तळव्यांना कळायचा, मग फळीवरची पातेली वाजायची. वसाहतीतली बाळं त्यात गाढ झोपत. बुवा मात्र पहिल्याच धम्मला चहाच्या कपासकट उडाले. मी हसले. मोठ्या अधिकाराने त्यांना सांगितलं की ते आपलेच आहेत, कितीही झाले तरी थांबायचं नाही, आमच्या इथे कोणी मानसुद्धा वळवत नाही.

तबल्याला वसाहतीत एकच माणूस होता, फॅक्टरीच्या दवाखान्यातला कंपाउंडर. मितभाषी, इटारसीकडचा, बोटं अतिशय गोड. त्याने येतानाच सांगून ठेवलं, "भाभी, दवाखान्यातून बुलावा आला तर मला उठावं लागेल. बुवाजींना बोलून ठेवा." मी बरं म्हटलं आणि बुवांना सांगायचं विसरले.

श्रोत्यांत बहुतेक बायकाच, पुरुष कामावर. मी बुवांच्या मागे तंबोरा घेऊन बसले. खरं म्हणजे गवयाच्या मागे बसणाऱ्याकडे कोणी बघत नाही, पण आपल्याकडेच सगळे बघणार याची मला खात्री होती. म्हणून डिसेंबरच्या थंडीत शाल न घेता माहेरची जरीची साडी नेसले होते. अगदी पुढे बाजूच्या क्वार्टरमधली नवी सून बसली होती. ती सिहोऱ्याची, घरात मराठी आणि बाहेर सगळं हिंदी. सातवा महिना चालू होता. वसाहतीत नुकतीच आलेली. तिचा नवरा यांच्याच हाताखाली, यांच्याच शेडमध्ये कामाला होता.

बुवांनी तोडी गायली. रेंज आपलं काम करत होती आणि बुवा खरंच थांबले नाहीत. उलट एकदा धम्म बरोबर समेवर आला तेव्हा त्यांनी मान हलवून दाद दिली. बायका हसल्या. मग त्यांनी जौनपुरी सुरू केली. फॅक्टरीत डब्याची सुट्टी होण्याचा सुमार होता.

तेव्हा तो आवाज झाला.

तो जमिनीतून आला नाही. आधी खाकी कागदामागच्या काचा थरथरल्या, मग आवाज आला, आणि तो माळाकडून नव्हे, फॅक्टरीकडून आला. मागोमाग बराच वेळ सरसर काहीतरी कोसळत राहिलं. सगळ्या वसाहतीतले कावळे एकदम उठले. आणि त्यानंतर रेंज गप्प झाली. दिवसभर चालणारे ते धम्म एकदम थांबले. मला आवाजापेक्षा ते थांबणं जास्त लागलं.

बुवा गात होते. मीच तर त्यांना शिकवून ठेवलं होतं.

दरीवरची प्रत्येक बाई जागच्या जागी थिजली. पण उठली कोणी नाही. त्याच वर्षी उन्हाळ्यात असाच एक आवाज झाला होता, तेव्हा सगळ्याजणी फाटकाकडे धावल्या होत्या. फाटक बंद करून घेतलं होतं, दुपारभर उन्हात उभं केलं होतं आणि वर सगळ्यांच्या नवऱ्यांना बोलणी बसली होती. त्यानंतर शिरस्ताच पडला की घरी बसायचं, दार उघडं ठेवायचं आणि गल्लीत कोण येतं ते पाहायचं.

पण त्या दिवशी गल्लीपेक्षा जवळचं एक ठिकाण होतं. एकेक करून सगळ्या बायकांची नजर कंपाउंडरच्या हातांवर आली. माझीही आली. त्यानेही तो आवाज ओळखला होता. एक ठेका अडखळला आणि पुन्हा लागला. फॅक्टरीत कोणाला लागलं असेल तर पहिलं बोलावणं यालाच येणार. जोवर तबला वाजतोय, तोवर कोणाला काही झालेलं नाही. हे कोणी बोललं नाही, पण त्या खोलीत बुवा सोडून सगळ्यांना ते कळलं होतं.

माझे हात तंबोऱ्यावर फिरत होते, कारण ते थांबले तर बुवा मागे वळतील आणि माझं तोंड पाहतील. माझ्या डोक्यात काय चाललं होतं ते आज सांगायला हसू येतं. मी विधवा झाले होते. क्वार्टर रिकामं करून दिलं होतं. नागपूरला भावाच्या घरी शिवणाचं मशीन घेऊन बसले होते, आणि वहिनी मला दुपारचा चहा विचारत नाही म्हणून तिच्यावर रुसलेही होते. मधेच आठवलं की यांच्या डब्यात मी घाईघाईत भाजी थोडी घातली. मग रडू आलं, ते त्या भाजीसाठी. आणि पुढे बसलेली ती सातव्या महिन्यातली मुलगी बोटांवर ताल धरून होती. मला वाटलं, हिला फरक कळलेला नाही, नवीन आहे. देवा, हिला कळू देऊ नको. मी तिच्याकडे बघून हसले. मी हसले, असं मला तेव्हा वाटलं.

गल्लीत सायकल वाजली. ती दाराशी थांबली. दवाखान्याचा चपराशी होता.

कंपाउंडरचे हात थांबले. तो उठून दारात गेला. दोघं हळू बोलले. माझ्या कानात फक्त तंबोरा. बुवांनी एकदा उजवीकडे मोकळ्या जागेकडे पाहिलं आणि तबल्यावाचूनच आलाप सुरू केला. तो आलाप फार सुंदर होता असं पुढे सगळे म्हणत. मी त्यातला एक सूर सांगू शकत नाही.

मग कंपाउंडरने खिशातून एक चावी काढून चपराशाला दिली. चपराशी गेला. कंपाउंडर परत येऊन तबल्यामागे बसला. बसताना बायकांकडे वळून, ओठ न हलवल्यासारखं बोलला, "पट्टीवाली अलमारी की चाबी." आणि ठेका धरला.

आता याचा अर्थ काय लावायचा? कोणालाच लागलं नसतं तर पट्ट्यांचं कपाट कशाला उघडायचं. पुष्कळांना लागलं असतं तर चावीबरोबर कंपाउंडरलाही नेलं असतं. म्हणजे एक. फार तर दोन. खोलीत बावीस-तेवीस बायका असतील. त्या आधी सगळ्या मिळून घाबरल्या होत्या. त्या चावीनंतर प्रत्येकजण एकटी घाबरली. मी शेजारणींकडे पाहिलं आणि मनात आलं, हिचा असो, तिचा असो. असं मनात आलं, ते मी झाकणार नाही. त्याही माझ्याबद्दल तेच म्हणत असणार.

बुवांना एवढंच दिसत होतं की समोर कोणी हलत नाही, कुजबुजत नाही, पानाला हात लावत नाही. त्यांना आणखी चेव चढला. जौनपुरी संपवून त्यांनी सारंग घेतला. त्यानंतर कोणी न सांगता एक ठुमरी घेतली. मला त्यांचा तंबोरा त्यांच्याच डोक्यात घालावासा वाटत होता.

ठुमरी अर्ध्यावर असताना दारात दोन माणसं उभी राहिली. एक बाजूच्या क्वार्टरमधला, त्या मुलीचा नवरा. हाताला पांढरी शुभ्र पट्टी, काच लागली होती. त्याला धरून आणणारे आमचे हे. डोक्यापासून बुटांपर्यंत धुळीने राखाडी, पण हातपाय सगळे जागच्या जागी. सगळं घर त्यांच्याकडे बघत असताना त्यांनी, आयुष्यात कधी मोठ्याने न बोललेल्या माणसाने, गल्लीच्या टोकाला ऐकू जाईल अशा आवाजात मला विचारलं,

"अजून गाणं चालूच आहे का?"

त्यांना स्वतःचा आवाज ऐकू येत नव्हता. दुसरंही काही ऐकू येत नव्हतं. बाजूचं एक शेड उडालं होतं. माणसं डबा खायला बाहेर पडली होती म्हणून वाचली. त्यात काय होतं, का उडालं, हे आम्ही विचारायचं नव्हतं आणि त्यांनी सांगायचं नव्हतं. कान दोन-चार दिवसांत येतील असं डॉक्टरांनी सांगितलं होतं.

बुवांनी ठुमरी आटोपली, भैरवी म्हटली आणि दरीवर हात टेकून म्हणाले, "बाई, मी पुष्कळ गावं पाहिली. इतकी शांतता मला कुणी दिली नाही." कंपाउंडर तबल्यावर कापड घालायच्या निमित्ताने खाली वाकला.

बायका आपापल्या घराकडे अक्षरशः पळाल्या. ती सिहोऱ्याची मुलगी तेवढी नवऱ्याला घरी बसवून माझी पानांची तबकं उचलायला परत आली. मी मोठेपणाने तिच्या पाठीवर हात ठेवला आणि म्हटलं, बरं झालं, तुला काही कळलं नाही.

"कळलं न दीदी," ती म्हणाली. "माझे सासरे पण इथेच फॅक्टरीत होते, घरात सगळं सांगून ठेवलं आहे. पण तुमचं तोंड असं पांढरं झालं होतं, वरून तुम्ही माझ्याकडे दात काढून पाहून राहिल्या होत्या. मी म्हटलं, आपण उठलो तर ही बाई तंबोऱ्यासकट पडेल. म्हणून बसली मी."

दुपारी बुवा आतल्या खोलीत घोरू लागले. हे अंगणात त्या काढलेल्या पलंगावर उन्हात बसले होते. मी पाणी तापवून त्यांची मान, कानाच्या मागची धूळ पुसत होते. आणि बोलत होते. त्या काळात नवऱ्याला असं काही सांगायची पद्धत नव्हती, मला तर शब्दही ठाऊक नव्हते. पण समोरच्याला ऐकूच येत नाही म्हटल्यावर जीभ सैल सुटली. भाजीचं सांगितलं, शिवणाच्या मशीनचं सांगितलं. त्यांच्यावाचून मला या गावात एक दिवस काढता येणार नाही, हे सांगितलं. ते समोरच्या भिंतीकडे बघत होते, मधूनच मान हलवत होते. फडकं पिळून पिळून पाणी काळं झालं तरी माझं संपेना.

तिसऱ्या दिवशी सकाळी चहा देताना मी काहीतरी ओरडून सांगितलं, तर म्हणाले, "हळू बोल. डावा कान तर रविवारीच आला होता."

मी कपबशी ठेवली आणि आत गेले. रविवारी केव्हा, ते मी त्यांना विचारलं नाही. पण त्या दिवसापासून डबा भरताना ते माझ्यामागे येऊन उभे राहत, आणि मी भाजी घालत असताना म्हणत, "बस, एवढी पुरे."