समुद्रातल्या फांदीसाठी नारळ

मंडळी, आज सकाळी आमच्या गुंद गावातल्या घरी एका व्हिडिओवरून वाद झाला.

धाकटा भाऊ संतोष क्रूझवर कामाला आहे. सध्या जहाज कॅरिबियनमध्ये आहे. सुट्टी मिळाली तसा तो स्कुबा डायव्हिंगला गेला आणि व्हिडिओ पाठवला. कोमट निळं पाणी, तळाशी फांद्या फुटलेली प्रवाळं, मधून फिरणारे पिवळे मासे.

आई बघून म्हणाली, "ही तर देवराईच हाय." मग तिला त्याच्या पायातली लांब रबरी फ्लिपरं दिसली. "आणि ह्यो चपला घालून आत शिरलाय व्हय?"

आमच्या देवराईत अनवाणी जातात, वाळकी काटकीसुद्धा कुणी मोडत नाही. मी तिला समजावलं की ते पोहायचं साधन आहे. तेवढ्यात त्याचं फ्लिपर एका प्रवाळाला लागलं आणि फांदी तुटून खाली पडली.

आईने लगेच फोन लावायला सांगितलं.

"आये, चुकून लागलं. वाढतंय ते परत."

"किती दिसांत?"

"दिसांत न्हाई. लई वर्षं लागत्यात."

आईने फोन ठेवला. दुपारी देवराईत जाऊन तिने नारळ ठेवला. मी म्हटलं, "फांदी तिकडं समुद्रात मोडली. इथल्या देवाचा काय संबंध?"

ती म्हणाली, "मोडणारा हितलाच हाय की."

संतोषला हे जसंच्या तसं कळवलंय. त्याच्या जागी तुम्ही असता तर उत्तरात काय लिहिलं असतं?